उंच असणं हा फाउल नाही

“म्हाताऱ्याला दिसत नाही वाटतं! पाठीवर चढली की ती!” माझ्या मागच्या बाकावरचे एक वडील बायकोला म्हणाले. हळूच म्हणाले, पण पंचांनी ऐकलं. खेळ थांबला होता, म्हणून ते शांतपणे आमच्या स्कोअरच्या टेबलापाशी आले आणि माझ्या डोक्यावरून म्हणाले, “चढली नाही. ती उंच आहे. उंच असणं हा फाउल नाही. तुमची मुलगी बुटकी, त्याचा विचार स्वतःचं लग्न जमवताना करायचा होता.”

हे आमचे कलमकाका. कुठल्याही वादात नियमपुस्तकातलं कलम तोंडपाठ म्हणायचे, म्हणून हे नाव. शनिवार पेठेतल्या आमच्या क्लबात मुलींच्या बास्केटबॉलचे बहुतेक सामने त्यांच्याकडेच असत. मी तिथे खेळायला गेले होते; पण कोणाला धक्का लागला की मीच ‘सॉरी’ म्हणून बाजूला व्हायचे, त्यामुळे दोन महिन्यांत मला स्कोअर लिहायला बसवलं.

प्रेक्षक ओरडले की काका ढिम्म. “मी बघून वाजवतो, ऐकून नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “अहो, ती थांबली नव्हती, हलत होती!” असं कोणी म्हटलं की म्हणायचे, “अडवणारीला हलता येतं. झाडं लावली नाहीयेत आपण.” कोणी फारच हटून बसलं तर, “नियम वाचून या, मग भांडू.” हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांनी सगळे नियम स्वतःच्या अक्षरात मराठीत उतरवले होते आणि बुधवार पेठेतून त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. भांडणाऱ्याला एक प्रत मिळायची. पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं : ‘वाचून परत करावे. न वाचता परत करू नये.’

चहाच्या टपरीवरही सुटका नसे. फुटबॉलची मॅच लागलेली असायची, कोणीतरी ‘ऑफसाइड!’ म्हणायचं आणि काका कपातून मान वर न करता सांगायचे, “थ्रो-इनवर थेट ऑफसाइड नसतो. चहा घ्या.” क्रिकेटवाल्यांना सांगायचे, “बॅट धरलेला हात बॅटचाच. ग्लोव्हला लागून झेल गेला की आउट. रडायचं असेल तर घरी.”

मला मात्र ते ‘मॅडम’ म्हणायचे, आणि त्यात आदर फार नसे. “मॅडम, आपला आवाज शाळेतच जमा करून आलात का?” इंग्रजी शाळेत मी बारा वर्षं हात वर न करता काढली होती, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. एकदा त्यांनी विचारलं, “शॉट मारला, बॉल रिंगलाही लागला नाही, बोर्डलाही नाही, आणि मारणारीनेच तो परत पकडला. काय द्याल?”

“ट्रॅव्हल?” मी पुटपुटले. म्हणजे बॉल न आपटता, हातात घेऊनच पावलं टाकणं.

“चूक. खरंच शॉट मारला असेल तर चालतं. आणि चूकही किती हळू! चूक करायची तर ऐकू येईल अशी करा.”

आता काका नाशिकला मुलीकडे असतात. डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. त्यांचा इथला शेवटचा सामना मात्र मला जसाच्या तसा आठवतो.

क्लबच्या स्पर्धेची फायनल होती. आमच्या मुली एका गुणाने मागे, सात सेकंद बाकी. आमच्या कॅप्टनने घाईत शॉट मारला. बॉल हवेतूनच खाली आला आणि तिनेच धावत जाऊन तो पकडला. समोरच्या टीमचे सगळे पालक एका सुरात किंचाळले, “ट्रॅव्हल!”

आणि मग शिट्टी वाजली. आधी ओरडा, मग शिट्टी. काकांनी दोन्ही मुठी फिरवून ट्रॅव्हलची खूण केली.

मी त्यांच्याकडे बघत होते. ते डोळे बारीक करून रिंगच्या दिशेने बघत होते, चष्मा विसरलेला माणूस बसची पाटी बघतो तसे. त्यांना दिसलंच नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ऐकून वाजवली होती.

गप्प बसले तर सामना गेला. बोलले तर सगळ्यांसमोर काका गेले. माझा हात आपोआप बझरवर पडला. काका टेबलापाशी आले.

“काका, शॉट होता,” मी म्हणाले. “तुम्ही... त्यांचं ऐकून वाजवलीत.”

त्यांनी वळून दोन्ही हात आडवे हलवले, निर्णय रद्द केला आणि बॉल आमच्या मुलींना परत दिला. मागच्या बाकावरून लगेच सुरू झालं, “अहो, ही कोण पोरगी? हिला काय कळतं?”

काकांनी शिट्टी तोंडातून काढली. “चूक माझी होती, मॅडम. उत्तर तुम्ही द्या. ऐकू येईल असं.”

मी उभी राहिले. सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं.

“स्वतःचा शॉट स्वतः पकडला तर चालतं!” मी ओरडले. “नियम वाचून या, मग भांडू!”