तिच्या वाटणीचं नेट

आता मुलीचा व्हिडिओ कॉल मुळीच अडकत नाही. घरातलं सगळं नेट माझ्या एकट्याचं आहे.

बायको होती तेव्हा संध्याकाळी मी टीव्हीवर नेटवरून मॅच लावायचो आणि तिच्या फोनवर लेकीचा चेहरा थिजायचा.

"अहो, जरा बंद करा ना तो टीव्ही, पोर दिसेना!"

"तिकडचंच नेट खराब आहे," मी म्हणायचो. राउटरच्या सेटिंगमध्ये नेटचा पहिला मान मीच टीव्हीला देऊन ठेवला होता. आंबा कापला की फोडी तिला देऊन बाठा चोखणारा मी. न दिसणारी गोष्ट वाटताना मात्र माझा हात आखडला.

काल मुलगी म्हणाली, "बाबा, आई फोन लगेच ठेवून द्यायची. शेवटपर्यंत रागावली होती का माझ्यावर?"

मी खरं ते सांगितलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. मुलगीच माझ्याकडे बघत नव्हती.