पेन्शनला जोडीनं या

आमच्या गल्लीतले एक निवृत्त कारकून लोकांना पीएफच्या नोंदी समजावून सांगतात. उकव्याच्या खाणीतले कामगारही त्यांच्याकडे येतात. पण एकट्या आलेल्या नवऱ्याला ते सरळ परत पाठवतात. मलाही पाठवलं.

"वहिनीले काहून नाही आणलं? तुमच्या मागं पेन्शनचं त्यायलेच पाहा लागन."

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेलो. खुर्ची तिला, मला पायरी. कोणत्या वर्षाची नोंद सुटली, माझ्या मागं महिन्याला किती येईल, सारं तिलाच सांगितलं. दर वाक्याला "हौ?" विचारायचे आणि तिनं "हौ" म्हटल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत.

परतताना ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावरचं सगळं समजलं मले. आता तुम्ही आहा तोवरचं सांगा."