टोमणा की ताप

आमच्या थोरल्या काकूला लाँड्रीत सगळे 'इस्त्री' म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची छाती असलेलं माणूस अजून त्या लाँड्रीत कामाला लागलेलं नाही. ती तिथली मुकादम. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं एका बाजूने ओलं येतं आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन जातं. मध्ये वाफेवर तापलेला लांबच लांब रोलर, आणि त्याच्या तोंडाशी काकू. रोलर जास्त गरम की काकू, यावर तिथल्या बायकांत दोन पक्ष आहेत.

तिचा आवाज काढायचा तर ओठ जवळजवळ मिटून घ्यायचे आणि शब्द नाकाच्या शेंड्यावरून खाली टाकायचे, कचरा टाकल्यासारखे. बाई उशिरा आली की, "आलात? या, बसा. पाय चेपून देऊ?" बाईला चक्कर आली की, "अरे वा! चक्कर? एकटीच मारून आलीस? मला पण न्यायचंस." आणि कोणी रडलीच तर काही बोलायचं नाही, फक्त तिच्याकडे बघत आपला चष्मा पुसायचा.

कोण खरं दमलंय आणि कोण ढोंग करतंय, हे ओळखायची तिची स्वतःची पद्धत होती. हळूच मागून यायचं आणि पालथा हात बाईच्या मानेवर ठेवायचा. मान ओली तर बाई खरी. मान कोरडी तर बाई कामचुकार. "बायका खोटं बोलतात, घाम बोलत नाही," असं ती म्हणायची, आणि हा शोध आपण फुकट वाटतोय अशा चेहऱ्याने म्हणायची. रोलरपाशी उभं राहून मान कोरडी राहिली म्हणजे बाई मघाशी कुठेतरी पंख्याखाली बसून आली, एवढं साधं गणित.

त्या वर्षी उन्हाळ्याने ताळतंत्र सोडलं. रोज सकाळी सगळ्यांचे मोबाइल एकदम कोकलायचे: उष्णतेची तीव्र लाट, दुपारी बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, त्रास झाल्यास त्वरित सावलीत जा. काकू तो इशारा बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात वाचून दाखवायची आणि मोबाइल खिशात टाकायची. "ऐकलंत ना? सरकार काय म्हणतंय? बाहेर पडू नका. खबरदार कोणी बाहेर पडलं तर! आतच राहायचं, रोलरपाशी. इथे ऊन नाही, काही नाही, सावलीच सावली."

मॅनेजर तिच्याही वर. त्याने तो इशारा मोठ्या अक्षरांत छापून आणला, प्लॅस्टिकमध्ये मढवला आणि रोलरच्या वरच्या भिंतीवर लावला. मॅनेजर बोलताना आधी दोन्ही तळहात जोडतो, मग उघडतो, जणू आत कबूतर आहे. "कसंय ना, जागरूकता महत्त्वाची. मालकांना तुमची काळजी आहे. आलं का लक्षात?" दुपारपर्यंत प्लॅस्टिक वाफेने सुटलं आणि इशारा गुंडाळून खाली पडला. पाण्याचा कूलर होता घड्यांच्या टेबलापलीकडे. चादर दोघींनी दोन टोकं धरून रोलरमध्ये सोडायची असते; एक पाणी प्यायला गेली की दुसरीचे हात रिकामे आणि काकूचं तोंड भरलेलं. म्हणून बायका पाणी प्यायच्याच नाहीत. प्यायलं नाही की मोरीतही जावं लागत नाही, दुहेरी फायदा.

आता धाकटी काकू. या दोघी जावा, आणि त्यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. घर एकच. खाली थोरलीची खोली, तिला खिडकी. वर धाकटीची खोली, तिला पत्रा. घर वाटताना थोरली म्हणाली होती, "मी या घरात आधी आले, वारा माझा." धाकटीने त्यावर बोलणंच टाकलं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी भिंतीमार्फत बोलतात. "कुणीतरी सांगा म्हणावं, मीठ संपलंय." "कुणीतरी सांगा म्हणावं, मीठ अंगात जास्त झालेल्यांनी वेगळं आणावं." भिंत बिचारी कान देऊन देऊन पोपडे टाकायला लागली.

आणि याच दोघी लाँड्रीत एका चादरीची दोन टोकं धरायच्या. मुकादम असली तरी मोठ्या चादरी थोरली स्वतः सोडायची, आणि समोर धाकटीच लागायची, कारण दुसऱ्या कुणाचा हात तिच्या हाताशी जुळायचाच नाही. उचल, झटक, ताण, सोड. नजरेला नजर नाही, तोंडातून शब्द नाही, आणि चादर आत जायची ती आखून दिल्यासारखी सरळ. धाकटीने थोरलीला सगळीकडे त्रास दिला असेल, पण चादरीत कधीच दिला नाही. वाकडी चादर सोडणं म्हणजे तिला शिवी वाटायची, आणि शिवी द्यायला तिच्याकडे तोंड होतं.

त्या दिवशी मी तिथे नव्हते. पण घडी घालणाऱ्या बाईचं, लाँड्रीच्या व्हॅनच्या ड्रायव्हरचं आणि दोन्ही काकूंचं बोलणं माझ्या कानात आहे. सगळ्यांची भांडणं वजा केली की गोष्ट एकच उरते.

वरच्या खोलीचा पत्रा रात्रीही निवत नव्हता. धाकटीला कित्येक रात्री धड झोप नव्हती. सकाळी ती घडीवालीला म्हणाली, "डोकं ठणकतंय गं. पायात गोळे येतायत." घडीवालीने ते थोरलीला सांगितलं. थोरली छताकडे बघत म्हणाली, "डोकं दुखायला आधी असावं लागतं."

धाकटी रोलरपाशी उभी राहिली. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आतली हवा ओल्या चादरीसारखी तोंडावर बसत होती. जेवणाच्या सुट्टीआधी थोरली नेहमीच्या फेरीला निघाली. एकेकीच्या मानेवर हात. ओली, ओली, चिंब, ओली. धाकटीच्या मानेवर हात ठेवला आणि थांबली. मान कोरडी ठणठणीत, आणि तव्यासारखी तापलेली.

"बघा," थोरली सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सगळ्या जणी गळतायत आणि राणीसाहेबांना घामाचा थेंब नाही. कुणीतरी विचारा म्हणावं, कुठल्या पंख्याखाली बसून आलात?"

धाकटीने मान वळवली. वर्षानुवर्षांनंतर पहिल्यांदा तिने थोरलीच्या डोळ्यांत बघितलं आणि हसून, अगदी मायेने म्हणाली, "ताई, खिडकी लावून घे ना. थंडी वाजतेय गं मला."

सगळी लाइन हसून फुटली. घडीवाली टेबलावर थाप मारून म्हणाली, "हाणला! अगं काय हाणला!" खिडकीचं भांडण लाँड्रीतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. असला धारदार टोमणा कोणी ऐकला नव्हता, आणि तोही 'ताई' म्हणून, गोड आवाजात.

थोरलीचा चेहरा रोलरसारखा तापला. "वाजू दे थंडी," ती म्हणाली. "थंडीत माणसाचे हात भरभर चालतात. धर टोक."

धाकटीने टोक धरलं. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "ताई, हळू बोल. आई झोपलीय."

"आता नाटक कंपनीच काढा," थोरली म्हणाली. "मी तिकिटं फाडते."

बायका पुन्हा हसल्या. एक नवी पोरगी म्हणाली, "मुकादमबाई, त्यांना जरा बसू देता का? डोळे कसेतरी दिसतायत." थोरली तिच्याकडे बघत चष्मा पुसायला लागली. पोरगीने मान खाली घालून पुढची चादर उचलली.

मग ती चादर आली. उचल, झटक, ताण. आणि समोरून ताणच आला नाही. थोरलीच्या हातात चादर सैल पडली, तिरकी झाली, दुमडून रोलरमध्ये गेली. थोरलीने तोंड उघडलं होतं, एक झणझणीत शिवी जिभेवर तयार होती, ती तशीच राहिली. ही बाई वाकडं बोलेल, वाकडी चालेल, पण चादर वाकडी सोडणार नाही. धाकटी रिकामे हात हवेत धरून उभी होती, जणू टोक अजून हातात आहे. मग ती गुडघ्यात मोडली.

थोरलीने लाल दोरी ओढली. ती ओढली की अख्खा रोलर थांबतो, वाफ सुटते आणि मॅनेजर धावत येतो. एवढ्या वर्षांत तिने ती कुणालाही ओढू दिली नव्हती.

"पाणी! पाणी पाजा हिला!" घडीवाली तांब्या घेऊन धावली आणि धाकटीच्या मिटल्या ओठांवर ओतायला लागली. थोरलीने हॉस्पिटलला फोन लावला होता. सगळा कपडा त्यांचाच, त्यामुळे नंबर तोंडपाठ. तिकडून कोणीतरी ओरडून सांगितलं तसं हिने इकडे ओरडून सांगितलं: "तोंडात काही ओतू नका! घशात अडकेल! शुद्धीवर नाही ती! आधी गार करायची, मग हलवायची! ओलं करा, वारा घाला!"

धुलाईच्या मशीनमधून ओल्या चादरी ओढून काढल्या. धाकटीला त्यांत गुंडाळली, वर गार पाणी ओतत राहिले, मॅनेजरच्या केबिनमधला उभा पंखा वायरीसकट उपटून आणला. ड्रायव्हर प्रत्येक वाक्य 'खोटं नाही सांगत'ने सुरू करतो, म्हणून त्याचं अर्धंच घ्यायचं, पण घडीवालीही याला हो म्हणते. तो सांगतो: "खोटं नाही सांगत, चादरीतून वाफ निघत होती. आणि इस्त्री, म्हणजे आपल्या मुकादमबाई, तिच्या डोक्याशी बसून पाणी ओततायत आणि शिव्या देतायत. मरायचं असेल तर घरी मर म्हणाल्या. माझ्या लाइनीवर नाही म्हणाल्या."

चादरींच्या व्हॅनमधून हॉस्पिटलात पोचल्यावर धाकटीला आत नेलं. बाहेर थोरली, शेजारी मॅनेजर आणि सोबत आलेली घडीवाली. डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. तुटक बोलणाऱ्या, प्रत्येक शब्दाचं बिल लागणार असल्यासारख्या. "उष्माघात. ताप फार चढलाय. त्रास कधी सुरू झाला?"

मॅनेजरने तळहात जोडले, उघडले. "कसंय ना डॉक्टर, घरूनच बरं नव्हतं त्यांना. पोटाचं काहीतरी होतं. आम्ही म्हटलं पण होतं, घरी जा. हो ना मुकादमबाई?"

आता इथे थोरलीने नुसतं 'हो' म्हटलं की झालं. एका शब्दात ती सुटत होती, मॅनेजर सुटत होता, मालक सुटत होता. पण आजारी बाई तिच्या लाइनीवर उभी राहिली आणि तिला कळलं नाही, असं कोणी चारचौघांत म्हणावं? हे ती धाकटीसाठी बोलली असं मला वाटत नाही. तिला ते अपमानाचं वाटलं.

"पोटाचं?" ती म्हणाली. "माझ्या लाइनीवर पोट बिघडलेली बाई येईल? मी येऊ देईन? सकाळी ठणठणीत होती ती. डोकं दुखतंय म्हणाली, ते तर रोजच कोणीतरी म्हणतं. तुमच्या त्या भट्टीत झालंय हे. पाणी कुठे ठेवलंय तुम्ही? पार पलीकडे!"

"मुकादमबाई, जरा..."

"जरा काय?"

डॉक्टरीण बाईंनी हात वर केला. "भांडण बाहेर. मला एवढंच सांगा, बरळायला कधी लागली?"

थोरलीने चष्मा काढून पुसायला घेतला. घडीवालीने शेवटी कोपराने ढोसलं.

"जेवणाच्या सुट्टीआधी," थोरली म्हणाली.

"तेव्हा थांबवलं का नाही?"

"मला वाटलं, टोमणा मारतेय."

"टोमणा?"

"थंडी वाजतेय म्हणाली."

"आणि अंग? घाम होता?"

"कोरडी होती," थोरली म्हणाली. "म्हणून तर वाटलं, ढोंग करतेय."

डॉक्टरीण बाईंनी तिच्याकडे बघितलं. काकूने आजवर कितीतरी बायकांकडे असं बघितलं होतं, पण स्वतः अशा नजरेखाली कधी उभी राहिली नव्हती. "बाई," त्या म्हणाल्या, "घाम थांबला म्हणजे अंगाने हात टेकले. दर वेळी थांबतोच असंही नाही. माणूस भलतंच बोलायला लागलं की तेव्हाच धावायचं असतं. उशीर केलात." आणि आत गेल्या.

धाकटी वाचली. मूत्रपिंडाला मार बसला होता, तिथेच बरेच दिवस काढावे लागले. घरी आली ती अर्धी होऊन. डॉक्टरीण बाईंनी बजावलं, हे शरीर आता उष्णता सोसणार नाही, रोलर विसरा. मुकादमकी थोरलीचीच राहिली. तिच्याएवढी घाबरवणारी बाई मालकाला कुठे मिळणार? पण मॅनेजर तिच्याशी आता भिंतीमार्फत बोलतो.

लाइनीवर मात्र नवीनच खूळ आलंय. थोरली मानेवर हात ठेवत नाही. कोणी तिच्याशी गोड बोललं की ती लाल दोरी ओढते. ताबडतोब. "तुझं नाव काय? आज वार कोणता? समोर कोण उभंय?" बाईला ओढत कूलरपाशी नेऊन डोक्यावर पाणी. बायकांना हे कळायला कितीसा वेळ लागतो? दुपारी जीव नकोसा झाला की कोणीतरी मान तिरकी करून म्हणते, "मुकादमबाई, आज किती छान दिसताय!" की थांबला रोलर. सगळ्या जणी पाणी पिऊन घेतात. मॅनेजर धावत येतो, भिंतीला विचारतो, "पुन्हा काय झालं?" थोरली म्हणते, "ही मला छान म्हणाली. शुद्धीवर असेल का?"

आपल्याला बनवतायत हे तिला कळत नाही असं समजू नका. पण खरी कोण आणि बनवणारी कोण, हे ओळखायची तिची पद्धत गेली, आणि दुसरी काही सुचत नाही. म्हणून ती सगळ्यांसाठी दोरी ओढते, आणि नंतर सगळ्यांना शिव्या देते.

परवा सकाळी पुन्हा मोबाइल कोकलले. थोरली कामावर निघाली होती. धाकटी ओट्याला टेकून उभी होती. भिंत वगैरे काही नाही, सरळ तोंडावर म्हणाली, "तुझ्यामुळे मी मेले असते. लक्षात ठेवलंय मी. मरेपर्यंत ठेवणार."

थोरली चपलेत पाय घालता घालता थांबली. "नाव काय तुझं?"

"तू माझ्या पाठीमागे जे घेतेस तेच!"

"वार कोणता?"

"तुझ्या तेराव्याचा! चालती हो, टवळे!"

"भानावर आहे," थोरली म्हणाली, आणि दार आपटून कामाला गेली.