गॉगल लावून मुलगी पाहायला

बडनेरा सोडले तेव्हा उजवी पापणी जड वाटत होती. वर्धा येईपर्यंत तिच्यावर टपोरी रांजणवाडी बसली. नागपूरला ऑफिसचे काम होते, पण आईच्या मते खरे काम वेगळेच. "जातोच आहेस तर मुलगी पाहून ये," तिने बजावले होते. याआधी बरीच स्थळे फिसकटली होती. हे तरी जमावे, असे मलाही मनापासून वाटत होते.

डब्यातल्या काकूंनी लवंग उगाळून लावायला सांगितली. स्टेशनवरचा रिक्षावाला म्हणाला, "बोट तळहातावर घासा अन् गरम गरम टेकवा भाऊ, बसूनच जाते." सदर बाजारातल्या लॉजमालकाने तर सहाणेवर चिंचोका उगाळूनच आणला. मी कोणालाच नाराज केले नाही. वर पोहे आणि तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) हाणली. संध्याकाळपर्यंत डोळा भज्यासारखा फुगला. शेवटी काळा गॉगल विकत घेतला.

धंतोलीत मुलीच्या घरी बैठकीत बसलो. पोह्यांची बशी घेऊन मुलगी, सुमन, आली. गॉगलमधून नुसती साडी दिसली. मुलीची आत्या मात्र मला निरखत होती.

"चष्मा काहून (कशाला) घालून राहिले जी? घरात तं ऊन नाही!"

यांना मी काणा वाटतोय, हे ध्यानात येताच मी गॉगल काढला.

"अवं माय! सुमन, पाहा वं यांचा डोळा!"

सुमन आत गेली ती गरम पाणी आणि स्वच्छ फडके घेऊन आली.

"काय काय लावलं?"

मी सगळे सांगितले.

"वर पाहा. आता खाली. दाबलं तं नाही न?"

"नाही."

"मग आता काहीच लावू नका. नुसता शेक घ्या. दोन्ही डोळे मिटा."

मुलगी पाहायला आलो होतो आणि तपासणी माझीच चालली होती! फडके निवले की ती दुसरे हातात देई. फार बरे वाटत होते. डोळे उघडले तेव्हा ती आत गेली होती, आणि माझ्या गाडीची वेळ झाली होती.

घरी पोचताच आईने पिशवीही खाली ठेवू दिली नाही.

"कशी आहे रे दिसायला?"

"नीट पाहिलीच नाही," मी म्हणालो. "पण तिकडून होकार आला, तर आपला नक्की कळव."