वहिनींचे स्केट्स

नव्या रबरी चाकांचा वास आला की कोलशेतची ती संध्याकाळ आठवते. चाळिशीत मी मोठ्यांच्या नवशिक्या रोलर हॉकी संघात नाव दिलेलं. फी परवडली, पण स्केट्सची किंमत ऐकून मी बेत सोडला. हे कळल्यावर शेजारच्या वहिनींनी माळ्यावरचे आपले स्केट्स काढून दिले. ‘‘मी एकदा पडले आणि घाबरून सोडलं. तू खेळ,’’ म्हणाल्या. त्या संध्याकाळी कोलशेतला माझा पहिला सामना बघायला त्या आल्या. मी सारखी आपटत होते आणि हसत उठत होते. सामना संपल्यावर वहिनी कठड्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, स्केट्स परत देशील? मलाही खेळायचंय.’’ मी तिथेच लेस सोडायला बसले. दुसऱ्या दिवशी नवे घेतले. आज वाटतं, त्यांनी मागितले नसते, तर स्वतःवर एवढा खर्च मी कधीच केला नसता.