लांबून आलेला पाहुणा

माझ्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, विनयशील परग्रहवासी या विश्वात दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. तसे ते बदलापूरच्या बेलवलीचे आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. पण नव्वद सालाच्या आसपास उल्हासनगरात ज्यांच्या घरी केबल होती त्यांना विचारा, हा माणूस आकाशातून उतरला होता असं ते शपथेवर सांगतील. उतरला होता तो जीन्स धुवायच्या कारखान्यातल्या एका गंजक्या ड्रममधून, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

झालं असं, की उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका केबलवाल्या सिंधी शेठना स्वतःच्या चॅनलवर स्वतःची अंतराळ मालिका दाखवायची हुक्की आली. आतोबांना त्यांनी आमच्या वस्तीतल्या भीमजयंतीच्या एकांकिकेत पाहिलं होतं. तिथे आतोबा दरवर्षी अख्खा मांडव रडवत. शेठनी त्यांना दिलेला परग्रहवासी मात्र पृथ्वी जिंकायला आलेला महादुष्ट होता. त्यानं दारावर लाथ मारायची, गडगडाटी हसायचं आणि बंदुकीतून किरण सोडायचे. कॅम्प तीनमध्ये चंदेरी रेक्झिनचा पोशाख शिवून झाला, स्कूटरच्या हेल्मेटला चंदेरी रंग फासून झाला, आणि आतोबांनी भूमिका फारच मनावर घेतली. तसं करायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

"दुसऱ्या ग्रहावरच्या माणसाला इथलं सगळंच नवं. मग तो बघेल कसा?" असं म्हणून त्यांनी बघायचा सराव सुरू केला. भाजीबाजारात एक वांगं हातात घेऊन ते पापणी न हलवता असे न्याहाळत उभे राहिले, की भाजीवाली कावरीबावरी झाली आणि तिनं आपणहून भाव उतरवला. कँटीनमध्ये ते वरणाकडे इतक्या कुतूहलानं बघत, की आचारी मुकाट्यानं वाटी बदलून देई. आत्या म्हणायची, "एवढं निरखून माझ्याकडं कधी बघितलं नाय या माणसानं. वांग्याचं नशीब बघा!" त्यांची आणखी एक सवय होती, पण ती जुनी. दुसऱ्याच्या घरी ते पेल्याला कधी ओठ लावत नसत. पाणी वरून घशात ओतत. आम्ही समजायचो, स्वच्छतेचं वेड असेल.

शूटिंग शेठच्याच घरी. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, सुट्टीच्या दिवशी मजा बघायला जायचो. घरातल्या म्हातारीचं काम करायला कुणी मिळेना, म्हणून शेठनी आपल्या आईलाच उभं केलं होतं. फाळणीनंतर लेकरं घेऊन या कॅम्पात येऊन पडलेली ती बाई. तिनं दार उघडून किंकाळी फोडायची, बस्स. आतोबा यान म्हणून ठेवलेल्या ड्रममधून उतरले, दाराशी आले, आणि लाथ मारायच्या ऐवजी त्यांनी हळूच कडी वाजवली. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, "बहोत दूर से आया हूँ, माँजी. पानी मिलेगा?" म्हातारी किंकाळी विसरली. आत जाऊन तांब्या घेऊन आली. आतोबा उंबऱ्याबाहेर वाकले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

शेठनी कपाळावर हात मारला. "अरे साईं, आप व्हिलन हो! पानी काहे को माँगता है?"

"शेठ, इतका लांबून आलेला माणूस आधी पाणीच मागणार ना?" आतोबा म्हणाले. "लाथ मारायला अंगात त्राण तर पाहिजे."

टेप वाया घालवणं शेठच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते तसंच दाखवलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून उल्हासनगर त्या परग्रहवासीयाची तब्येत विचारू लागलं! लिहिणाऱ्यानं शत्रू लिहिला होता, आतोबांनी त्याचा पाहुणा केला. मग प्रत्येक भागात तो पृथ्वी जिंकायचं पुढे ढकलून म्हातारीच्या दारी यायचा, ओंजळीनं पाणी प्यायचा. रस्त्यानं जाताना दुकानदार, रिक्षावाले हाका मारत, "अंकल, पानी पीके जाओ!" आतोबांना नाही म्हणवत नसे. बेलवलीला पोहोचेपर्यंत त्यांची अवस्था मोठी बिकट झालेली असे.

शेवटच्या भागात मात्र शेठना धमाका हवा होता. परग्रहवासी ड्रमसकट उडणार, फटाकेही आणून ठेवलेले. आतोबा म्हणाले, "उडवा. पण आधी एकदा त्याला घरात बसवून ग्लासातून पाणी द्या."

"पानी तो हर एपिसोड में पीता है ना?"

आतोबा म्हणाले, "शेठ, गावच्या शाळेत आम्हाला पाणी वरून ओतायचे. भांड्याला हात लावायचा नाय. त्या दिवशी ओंजळ मी ठरवून पुढं केली नव्हती. हात आपोआप गेले." वरून ओतायच्या त्या सवयीचा अर्थ मला तेव्हा लागला. शेठ मान खाली घालून कॅमेऱ्याशी गेले.

शॉट सुरू झाला. म्हातारीनं दार उघडून परग्रहवासीयाला पकडायला आलेल्या सैनिकांना हाक मारायची होती. तिच्या हातात स्टीलचा ग्लास होता. आतोबांची ओंजळ पुढे आली होती, ती तिनं एका हातानं खाली केली आणि म्हणाली, "अंदर आ जा बेटा. हम भी दूर से आये हैं. बैठके पी." आतोबांनी हेल्मेट काढलं, उंबरा ओलांडला, पाटावर बसले आणि ग्लासाला ओठ लावून सावकाश पाणी प्यायले. पुढचे संवाद त्यांना आठवेनात. शेठना कट म्हणायचं सुचेना. फटाके पुढे दिवाळीत वाजले.

ती कॅसेट कुणाच्या तरी लग्नाच्या शूटिंगसाठी वापरली गेली. आता आतोबाही नाहीत. तो ग्लास म्हातारीनं त्यांना बळंच दिला होता, तो बेलवलीच्या घरी आहे. मी अंबरनाथला राहतो, म्हणजे एकाच स्टेशनाच्या अंतरावर. तरी दारात पाऊल टाकलं की आत्या तोच ग्लास भरून पुढे करते आणि म्हणते, "लांबून आलास बाबा. आधी पाणी पी."