नसीमाआपाच्या गोगलगायी

इरफानचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. नंबर ओळखीचा नव्हता. तो समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर कामाला, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी, आणि तिकडून कधी कुणाच्या फोनवरून बोलेल त्याचा नेम नसतो. "काकी, अम्मी गेली," एवढंच म्हणाला. आता अशा वेळी माणूस काय म्हणतं? मी म्हटलं, "थांब. आधी सांग, तुझी अम्मी बोंबलाच्या कालवणात काय घालत नाही?" वाऱ्याच्या आवाजातून तो म्हणाला, "टोमॅटो." आणि मग रडायला लागला. मीही. हा प्रश्न नसीमाआपानेच ठरवून दिला होता. कार्ड बंद पडलंय, पार्सल अडकलंय असे खोटे फोन इथे सारखे येतात, आणि हल्ली म्हणे आवाजाचीसुद्धा नक्कल करतात. तेव्हा अनोळखी नंबर असला की घरच्या माणसालाही हे विचारायचं, उत्तर आलं तरच पुढे बोलायचं. तिच्या मरणाची बातमीसुद्धा तिच्या चाळणीतून गाळूनच माझ्यापर्यंत आली.

याला आता दीडेक महिना झाला. दफन इथंच झालं, इरफान हेलिकॉप्टरने वेळेवर पोचला, सगळं नीट पार पडलं. पण एक गोष्ट मला सोडत नाही. आपा जाताना एक निर्णय अर्धवट ठेवून गेली. तुम्ही हसाल, तो निर्णय कॉम्प्युटरवरच्या एका खेळातला आहे. आसऱ्याला आलेल्यांना शत्रूच्या हवाली करायचं की नाही, एवढाच. पण आपा काय करणार होती हे मला कळायलाच हवं होतं, कारण त्यावर, मला वाटत होतं, आपा कोण होती हे ठरणार होतं.

आखातातल्या या शहरात आम्ही ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत एकाच व्हिलाच्या दोन भागांत राहतो, मधे एक पातळ भिंत. मी मुलाकडे, ती मुलाकडे. इरफानची बायको-मुलं रत्नागिरीला, शाळांसाठी. आपाही मूळची तिथलीच, राजिवड्याची. मी कऱ्हाडकडची. आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या ओल्या चादरीचं पाणी तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर गळलं आणि दोघी अंगणात अर्धा तास कडाकडा भांडलो. दुसऱ्या दिवशी ती आपणहून चहाला आली. पुढे खूप वर्षांनी मी विचारलं, की त्याच आठवड्यात समोरच्या बाई तुझ्याकडे केक घेऊन आल्या होत्या, त्यांच्याकडे कशी नाही गेलीस? तर म्हणाली, "ती केक घेऊन आली, म्हणजे तिला कायतरी पायजे होतं. तू भांडलीस. तुला कायच नको होतं."

असा तिचा हिशेब. अल मन्सूरा भागातल्या मासळीवाल्याने "आपा, तुमच्यासाठी खास बाजूला ठेवलंय" म्हटलं की ते पापलेट ती घ्यायचीच नाही. "खास माझ्यासाठी? मी काय त्याची सासू?" आणि ढिगातलं उचलून कल्ला उघडून वास घ्यायची. मी परत केलेली साखर चाटून बघायची, माझ्यासमोर! सुरुवातीला मला राग यायचा. मग मीही तिच्याकडून साखरेची वाटी परत आली की चाटून बघायला लागले, आणि आमचं जमलं.

खेळाचं प्रकरणसुद्धा संशयातूनच सुरू झालं. एका सकाळी भिंतीवर धपाधप थापा. "शैले, इकडं ये गो! इरफानला कोणतरी राणी लिहिते." मी गेले. इरफान समुद्रावर, त्याचा कॉम्प्युटर चालूच राहिलेला, आणि आपा चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून बसलेली. तिने वर्षानुवर्षं एका शाळेच्या ऑफिसात काम केलेलं, इंग्रजी वाचायची. मी सातवी शिकलेली, माझं इंग्रजी मसाल्याच्या पाकिटांवरून आलेलं. ती वाचत गेली, "महाराज, आपल्या मैत्रीची आम्हांला कदर आहे. आपलं जहाज कधी येणार?" आपाचा चेहरा पडला. सून तिकडे मुलांना घेऊन एकटी, आणि हे! दुपारपर्यंत आम्ही दोघींनी ते सगळं खणून काढलं. राणी निघाली, पण तिला डोळे होते देठांवर आणि पाठीवर शंख. गोगलगाय! आपा इतकी हसली की तिला उचकी लागली. तो अवकाशातल्या राज्यांचा खेळ होता. ग्रह वसवायचे, धान्य पिकवायचं, जहाजं बांधायची, शेजाऱ्यांशी तह करायचे नाहीतर लढायचं. घाई नाही, आपला डाव आपण हवा तेवढा वेळ घेऊन खेळायचा. चहा पीत, भाजी निवडत. असा खेळ आमच्यासाठीच केलेला.

इरफान आल्यावर तिने त्याला आधी झाडलं आणि मग स्वतःचा नवा खेळ मांडून घेतला. राजधानीच्या ग्रहाचं नाव ठेवलं राजिवडा. नांग्या उगारून हल्ला करणारी एक जमात होती, त्या कुर्ल्या. म्हणजे खेकडे. आणि गोगलगायी त्या गोगलगायीच. ती खुर्चीत, मी शेजारी सल्ला द्यायला. माझा सल्ला ती ऐकायची आणि उलट करायची.

तर एकदा गोगलगायींची मोडकळीला आलेली जहाजं आमच्या दाराशी आली. त्यांचा सूर्य विझला होता. पडद्यावर चौकट आली, आसरा द्या, हाकलून द्या, किंवा जहाजं लुटून घ्या. मी म्हटलं, "घे गं बिचाऱ्यांना." आपाने आधी एक टेहळणीचं जहाज पाठवून सूर्य खरंच विझलाय का ते बघून घेतलं. मग आत घेतलं. आणि काय सांगू, राज्याचं भलंच झालं! गोगलगायींनी नवी विद्या आणली, प्रजा खूश, शेतं दुप्पट पिकायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. आपाचं तोंड मात्र कारल्यासारखं. "बघ, मेवा मिळाला. म्हणजे आसरा नाय दिला आपण, सौदा केला." मग तिने मुद्दाम लक्ष ठेवलं. दर वेळी जो पर्याय भल्या माणसाचा, त्यातच शेवटी जास्त फायदा. "हा गेम बनवणारा लबाड हाय," ती म्हणाली. "आपल्याला चांगलं म्हणवून घ्यायला लाच देतो."

इरफान हसला. तो म्हणाला, अम्मी, याला बॅलन्स म्हणतात, एकच रस्ता जास्त सोपा झाला तर सगळे तोच धरतात आणि खेळात राम उरत नाही, मग बनवणारे वजनं कमी-जास्त करतात. आणि खरंच, पुढे एक अपडेट आलं. जगभरातल्या खेळणाऱ्यांनी तक्रार केली होती म्हणे, की दया दाखवणं फारच फायद्याचं झालंय. आता आसऱ्याला घेतलं की ते नुसतं धान्य खाणार. विद्या नाही, काही नाही. वर आपली प्रजा कुरकुरणार. नवा खेळ मांडला आणि पुन्हा गोगलगायी दाराशी. मी म्हटलं, "आपा, आता नको. बुडशील." तिने चौकट वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि आसरा दिला. मी म्हटलं, "एवढी संशयी बाई तू, आणि आता बरं डोळे मिटून घेतलंस?" तर म्हणते, "डोळे मिटून कुठं? नीट बघितलं. गळाला आमिष नाय. म्हणजे गळच नाय."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस चघळलं. आपल्याला वाटतं संशयी माणूस दार लावून बसतं. ही बाई फक्त आमिष पाहिलं की दार लावायची. ज्याच्याकडून काही मिळण्यासारखं नाही त्याला ती घरात घ्यायची, जेवायला वाढायची, आणि तो गेल्यावर चमचे मोजायची ते वेगळं.

पण गोगलगायींनी खरंच खाल्लं राज्य. कोठारं रिकामी, प्रजा रुसलेली. त्यात मला जबरदस्त सर्दी झाली. "तुझा व्हायरस तुझ्याकडे ठेव," म्हणून आपाने मला आठवडाभर दाराबाहेर ठेवलं, त्यामुळे तेव्हाचे डाव मी पाहिले नाहीत. बरी होऊन गेले तर पडद्यावर कुर्ल्यांची चौकट. गोगलगायी आमच्या हवाली करा. त्या बदल्यात कोठारं भरून धान्य, कायमचा तह, राजिवड्याला धक्का नाही. उत्तर दिल्याशिवाय डाव पुढे जात नव्हता. म्हटलं, आता ही फाडकन नाही म्हणणार. एवढं मोठं आमिष! पण ती गप्प बसली होती, हात छातीवर. "गॅस झालाय," म्हणाली. चेहरा पांढराफटक. असरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान होत होती. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. ते आले तर त्यांना म्हणते, "आयडी दाखवा." घाम फुटलेला, आणि त्या पोराचं कार्ड हातात घेऊन फोटो आणि तोंड ताडून बघतेय! मग स्ट्रेचरवरून मला म्हणाली, "शैले, कुर्ल्यांना उत्तर देऊ नको. विचार करतंय मी." हॉस्पिटलमधून ती परत आलीच नाही; त्यांनी आधी मुलाला कळवलं आणि त्याने मला.

विचार? आपा? आमिषापुढे? हीच ती मला टोचणारी गोष्ट. दुखत होतं म्हणून थांबली असेल. की तिला ठाऊक होतं गॅस नाही ते, आणि मला फसवत होती? मला अजून संशय आहे. पण सगळ्यांत वाईट संशय इरफानने घातला, सहज बोलता बोलता. "काकी, अम्मी थकली होती. कदाचित देऊन टाकणार असेल. गेमच आहे ना." मला ते फार लागलं. गेमच आहे, खरं. पण तिथे तिला बघायला कोणी नव्हतं, कोणाचं भलं-बुरं होत नव्हतं... अशा जागीच माणूस कळतं की.

इरफानला आता कंपनीच्या क्वार्टरमध्ये जायचंय. सामान बांधताना मला म्हणाला, "काकी, कॉम्प्युटर बंद करण्याआधी एकदा बघून घ्या." मी बसले. उत्तर दिलं नाही आधी. आपा जशी बघायची तशी सगळी जागा बघत गेले. राजिवड्यावर एकही जहाज नाही! राजधानी उघडी टाकलेली. सगळी जहाजं गोगलगायींना राहायला दिलेल्या ग्रहाभोवती जमवलेली. मी इरफानला विचारलं, हे कधी झालं? त्याने मागचे डाव उलगडून दाखवले. कुर्ल्यांनी आधी गोड बोलून भेटी पाठवल्या होत्या. आपाने त्या परत केल्या, आणि पहिली भेट आली त्याच डावात जहाजं हलवली. मला रडूच आलं. म्हटलं, "बघ! तिला आधीच कळलं होतं. राखणीला पाठवली."

इरफानने पडद्यावरच्या जहाजांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "राखणीला, की त्या पळून जाऊ नयेत म्हणून?"

मी परत बघितलं. जहाजं गोल करून उभी होती. राखायला उभं राहायचं तरी असंच, कोंडायला उभं राहायचं तरी असंच. मी आपाला वीस वर्षं ओळखत होते आणि त्या गोलाकडे बघून मला सांगता येईना. वाटलं, ही बाई मेल्यावरसुद्धा स्वतःच्या मनाची चावी कोणाला देणार नाही. मग म्हटलं, ठीक आहे, तिचं तिच्यापाशी. उत्तर द्यायला मी बसलेय ना? मी चौकट परत वाचली. धान्य, तह, राजिवड्याची हमी, सगळं ठळक अक्षरांत.

"काकी, नाही म्हटलंत तर राजिवडा जाईल," इरफान म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हटलं आणि नाही दाबलं.

राजिवडा गेला. दोनच डावांत गेला. गोगलगायी राहिल्या. मी जरा थांबले, म्हटलं आता त्यांची राणी काही बोलेल, निदान इथल्या लोकांसारखं शुक्रन म्हणून आभार मानेल. काही नाही. खेळ गप्प, पुढचा डाव टाका एवढंच. मला वाटतं आपाला हे पसंत पडलं असतं. पण खात्रीने नाही सांगत.

हे सगळं मी स्टुलावरून केलं. माऊस लांब होता, हात ताणून ताणून खांदा भरून आला. इरफान म्हणाला, "काकी, अम्मीच्या खुर्चीत बसा ना, रिकामीच आहे." त्या खुर्चीत तिची फुलाफुलांची उशी आहे, मधे खळगा पडलेली. आपा बाहेरून आली की आधी त्या खळग्याकडे बघायची आणि विचारायची, "कोण बसलं होतं इथं?"

"नको रे," मी म्हटलं. "विचारेल."